मिलुतिन पास झाला

बेलग्रेडहून फोन आला तेव्हा मी अक्रोड फोडत होतो. सुरी, शेगडी, जिना आणि गाडी या गोष्टींची आमच्या घरात मला बंदी आहे. अक्रोड चालतात. दुसऱ्या दिवशी संत लुकाचा सण, म्हणजे आमची स्लावा, कुळाच्या संताचा दिवस, आणि गव्हाच्या प्रसादात घालायला अक्रोड लागतात पोतंभर. घराण्याच्या कर्त्या पुरुषाला आणखी काय काम देणार?

"मिलुतिन," डॉक्टरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुमची डावी बाजू आमच्या अपेक्षेपेक्षा फारच चांगली निघाली."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी अपेक्षेपेक्षा चांगला निघालो होतो. मी आभार मानले. मग त्या म्हणाल्या, "म्हणून ऑपरेशन आत्ता नको."

प्रकार असा आहे. माझ्या फिट्स सुरू होतात डाव्या कानाच्या आतून. तिथे आठवणी साठवणारा एक बारका भाग असतो, त्याला डॉक्टर लोकांनी समुद्रघोड्याचं नाव दिलंय. प्रत्येकाला दोन घोडे असतात, एक डावा, एक उजवा. माझ्या डाव्याला लहानपणीच्या तापात व्रण पडला आणि साध्या फोटोत तो सुकलेला दिसतो. घरात आम्ही त्याला नुसतं घोडा म्हणतो. प्रश्न एवढाच होता की हा घोडा अजून ओझं वाहतो का. नुसत्याच लाथा झाडत असेल तर काढून टाकायचा, फिट्स थांबायची बरीच आशा. पण आठवणी अजून तोच वाहत असेल, तर त्याला काढल्यावर माणूस काय काय विसरेल याचा नेम नाही. म्हणून दुसऱ्या यंत्रात घालून, डोकं चालू असताना त्याचे फोटो काढले. यंत्र म्हणालं, घोडा ठणठणीत आहे.

मी पास झालो होतो, म्हणून ऑपरेशन रद्द.

आईने ऐकलं आणि छातीवर क्रुसाची खूण करून थेट ओव्हन पेटवला, जास्तीचा केक करायला. तियाना, माझी बायको, हातातलं टाकून उठली. ती आमच्या पोरीच्या, नेवेनाच्या खोलीत गेली आणि तिथली लहान उशी उचलून छातीशी धरून बसली. ती उशी माझी आहे. म्हणजे नेवेनाची, पण ती ठेवलेली माझ्यासाठी. मी पडलो की आमची चार वर्षांची पोर रडत नाही, ओरडत नाही, ती उशी आणून माझ्या डोक्याखाली सरकवते आणि शेजारी बसून राहते. गेल्या महिन्यात हे तिने एकटीने केलं, घरात दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवसापासून तियानाला ऑपरेशन हवं आहे, आणि मलाही. मला पोरीचा बाप व्हायचंय, पेशंट खूप झालो.

इथे एक सांगून ठेवतो. दुसऱ्या दिवशी जे झालं त्यातलं निम्मं मला आठवत नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो. मध्ययुगातला कुठला राजा कुठल्या भावाने आंधळा केला हे मी झोपेत सांगेन, पण परवा काय जेवलो ते बायकोला विचारावं लागतं. तेव्हा या प्रकरणातली काही पानं आईकडून उसनी घेतलीत, काही तियानाकडून. दोघींचं एकमेकींशी जुळत नाही. ते तसंच ठेवलंय.

यंत्रातलं मात्र माझं स्वतःचं आहे. आडवं केलं, डोकं पिंजऱ्यात अडकवलं, आणि भोवती असा ठोकाठोकीचा आवाज सुरू झाला की जणू कुणी माझ्या कपाळावर पत्रे बडवतंय. डोळ्यांपुढे एकेक वाक्य यायचं. घडलेलं आठवत असेल तर उजवं बटण, नसेल तर डावं. 'वडिलांबरोबर कोलुबारा नदीवर मासा पकडला आणि टोपीत घालून घरी आणला.' उजवं. 'आजोबांच्या मधमाश्या पाद्रीबाबांना चावल्या.' उजवं. मध्येच काही खोटी वाक्यंही पेरलेली, की मी उंटावर बसलो वगैरे. मी दणादण बटणं दाबत होतो. असा हुशार मी शाळेतसुद्धा कधी नव्हतो, आणि शाळेचे मुख्याध्यापक तर माझे वडीलच होते. माशाच्या वाक्याला तर मला ती ओली टोपी हातात जाणवली. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, "माशाच्या वेळी तुमचा मेंदू फार छान उजळला." मी लाजलो.

ती वाक्यं घरच्यांकडूनच घेतली होती. आईला वेगळं बसवून तिच्याकडून माझ्या आयुष्यातले प्रसंग विचारून घेतले आणि बजावून सांगितलं होतं, की यातलं त्याच्याशी काही बोलायचं नाही.

आता आईचं पान. सणाच्या सकाळी ती कोबीच्या पानात खिमा गुंडाळून सार्मा लावत होती आणि रादिसाव काका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, मीठ बरोबर आहे का ते बघायला म्हणून आदल्या दिवशी केलेलं अर्धं पातेलं संपवत होते.

"रादिसाव भाऊजी, आज तोंड सांभाळा," आई म्हणाली.

"कशाबद्दल?"

"तुम्हाला चांगलं ठाऊक आहे कशाबद्दल."

"अहो वहिनी, माझ्या पोटातून शब्द बाहेर पडायचा नाही. मी म्हणजे थडगं."

"थडगं राकिया पीत नाही," आई म्हणाली आणि बाटली फडताळात ठेवली. पण सणाचा दिवस, घरभर बाटल्या. एक ठेवून काय होणार.

वुकाशिन, माझा धाकटा भाऊ, नोवी सादहून बायकोला न घेता आला होता. तो आईच्या बाजूचा. डोक्यात सुरी घालायची नाही, हे त्याचं पहिल्यापासूनचं म्हणणं. आल्या आल्या त्याने माझी पाठ थोपटली, "पास झालास म्हणे!" आणि तियानाला म्हणाला, "बघा वहिनी, मी म्हणत नव्हतो?"

"म्हणत होतास," तियाना म्हणाली. "हा पडतो तेव्हा मात्र तू नोवी सादला असतोस."

स्लावाच्या दिवशी यजमानाने बसायचं नसतं. पाहुणे बसतात, यजमान दिवसभर उभा राहून वाढतो, हीच संताची सेवा. वडील गेल्यापासून हा मान माझ्याकडे आलाय. मी उभा असतो खरा, पण माझ्यामागे एक खुर्ची फिरत असते. मी दारात, खुर्ची दारात. मी टेबलाशी, खुर्ची टेबलाशी. ती सरकवायचं काम आज वुकाशिनकडे होतं. बोलावणं कुणालाच नसतं आणि येतात मात्र सगळे, तशी माणसं येत गेली, दारात गव्हाच्या प्रसादाचा चमचा तोंडात घालत गेली, आणि मग पाद्रीबाबा आले कोलाच कापायला.

कोलाच म्हणजे सणाचा गोल पाव. यजमान आणि पाद्री दोघांनी तो हातात धरून गोल फिरवायचा, वरून वाईन ओतायची, सगळ्यांनी गायचं, आणि मग दोघांनी मोडायचा. मी पाव धरला. मेणबत्ती जळत होती. पोटातून ती ओळखीची लाट वर आली, जळक्या रबराचा वास आला आणि माझं पान संपलं.

इथून तियानाचं.

तिने पाहिलं की माझे ओठ चघळल्यासारखे हलताहेत आणि डावा हात शर्टाच्या गुंडीशी चाळा करतोय. ही माझी लहान फिट, यात मी पडत नाही, नुसता निघून जातो. वुकाशिनने खुर्ची गुडघ्यामागे सरकवली, तियानाने पावाची माझी बाजू आपल्या हातात घेतली. पाद्रीबाबांना आमच्या घरची सवय आहे. ते तीच ओळ पुन्हा म्हणू लागतात आणि मी परत येईपर्यंत म्हणत राहतात. संत लुका स्वतः वैद्य होता, तो समजून घेतो, असं त्यांचं म्हणणं. नेवेना उशी घेऊन आली. डोकं टेकायला जमीन नव्हती, म्हणून तिने ती माझ्या मांडीवर ठेवली.

शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाई घाबरल्या. "अगं बाई, यांना झालं काय? डॉक्टरला बोलवा ना."

आणि रादिसाव काकांनी, त्यांना धीर द्यावा म्हणून, ग्लास उंचावला. "घाबरू नका ताई. पोरगं कालच पास झालंय. मेंदू लख्ख उजळला म्हणे. उजळणार नाही तर काय? आमच्या वहिनींनी महिनाभर रोज संध्याकाळी, सूनबाई कामावरून यायच्या आत, उजळणी घेतली त्याची. मासा, मधमाश्या, सगळं तोंडपाठ. मी स्वतः मधमाश्या घेतल्या."

पाद्रीबाबा गाता गाता थांबले.

"कसली उजळणी?" तियानाने विचारलं.

आई म्हणाली, "पाव धर नीट, पडेल."

"आई, कसली उजळणी?"

"बसल्या बसल्या जुन्या गोष्टी निघतात, तसं बोललो आम्ही. आठवतं ना रे, आठवतं ना रे, एवढंच. भाऊजींना आपलं काहीही वाटतं."

"डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला काय बजावलं होतं?"

"त्यांना काय जातंय बजावायला? मी मुख्याध्यापकाची बायको आहे. माझं कुठलं पोर परीक्षेला अभ्यास न करता गेलं नाही."

"ती परीक्षा नव्हती हो आई. त्याला येतं की नाही हेच त्यांना बघायचं होतं. येत नाही म्हणजे तिथे काही उरलं नाही, म्हणजे तो भाग काढायला हरकत नाही. तुम्ही पोपटासारखं पढवलं आणि तो पास झाला, आणि आता ती उशी घेऊन माझी पोर जन्मभर त्याच्यामागे हिंडणार."

आईचा चेहरा पांढरा पडला, असं तियाना सांगते. आई सांगते, तिने तियानाला चांगलंच सुनावलं. मला तियानाचं खरं वाटतं, कारण वुकाशिनने त्या क्षणी बाजू बदलली, आणि आईचा आवाज चढलेला असताना त्याने तसं कधीच केलेलं नाही.

"आई," तो म्हणाला, "तो मासा मी पकडला होता."

"काय?"

"कोलुबारावर बाबांबरोबर मी गेलो होतो. टोपी माझी होती. दादा तेव्हा तापाने दवाखान्यात होता, तू त्याच्याजवळ होतीस."

आई खुर्चीत बसली. स्लावाच्या दिवशी यजमानीण बसली. "तुझे बाबा दरवर्षी ती गोष्ट सांगायचे," ती म्हणाली. "मला वाटलं, मिलुतिनचीच. तो ऐकताना इतका हसायचा."

मी परत आलो तो इथे. समोर बघतो तर पाव बायकोच्या हातात, आई खुर्चीत, पाद्रीबाबा तोंड उघडं ठेवून उभे, मांडीवर उशी. मी म्हणालो, "कोलाच कापला का?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, मी काहीतरी वावगं केलं असणार, मागे एकदा अशाच वेळी मी फुलदाणीतलं पाणी प्यायलो होतो. मग वुकाशिनने मला सगळं सांगितलं, माशासकट. मी ऐकून घेतलं. ऑपरेशनचं दुःख नंतर झालं, आधी मला त्या माशाचं वाईट वाटलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लख्ख आठवण, आणि तीही भावाची निघाली. हातात ओली टोपी जाणवली होती मला. काय म्हणावं या डोक्याला.

"म्हणजे मी कॉपी करून पास झालो," मी म्हणालो. "तेही भावाच्या पेपरवर."

कुणी हसलं नाही. एरवी मी स्वतःवर बोललो की हसतात.

मी उशी बाजूला ठेवून उठलो, तशी तियाना माझ्यासमोर उभी राहिली. पाव तिने अजून धरलेलाच होता. "मिलुतिन, नेवेना झाली त्या दिवशी काय झालं?"

हा प्रश्न मला सोपा वाटला. "शर्ट फाडला माझा, पोर झालं की बापाचा फाडतात तसा. पोर झाली म्हटल्यावर यांनी फाटकातच धरलं, वुकाशिनने आणि शाळेतल्या दोघांनी. निळा शर्ट, नवा होता. कॉलर तेवढी गळ्यात राहिली."

"ते सगळ्यांना माहीत आहे. फोटो आहे त्याचा. त्यानंतर?"

"त्यानंतर प्यायलो."

"त्याच्या आधी. तू तसाच दवाखान्याच्या खिडकीखाली आलास. मी वर होते, दुसऱ्या मजल्यावर, ती माझ्या हातात होती. आपल्या दोघांशिवाय तिथे कुणी नव्हतं. काय केलंस तू?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथे कधी कधी उत्तर मिळतं. इतकी वर्षं माझं असंच चाललंय, ती हसत असेल तर हसायचं, तिचे डोळे भरले असतील तर मान हलवायची, आणि माणसं म्हणतात, मिलुतिनला सगळं आठवतं हो. आज तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"गाणं म्हटलं?"

"नाही."

"ओरडून तुझं नाव घेतलं?"

"नाही."

"पडलो?"

"नाही, मिलुतिन."

"मग मला येत नाही," मी म्हणालो. आणि म्हणताना इतकं वाईट वाटलं की खुर्ची मागे आहे हे माहीत असूनही मी बसलो नाही.

तिचे डोळे आत्ता भरले. "हे मी कुणाला सांगितलं नाही. आईंना नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही. त्यांनी मला विचारलं होतं, तुमचा काही प्रसंग आहे का. मी नाही म्हटलं."

"का?"

"कारण मला वाटायचं, हे एक तरी तुला आठवत असेल. विचारलं असतं तर कळलं असतं, की आठवत नाही."

रादिसाव काका नाक ओढत होते. आई उठली. पदराला हात पुसावेत तसे तिने ॲप्रनला पुसले आणि तियानाच्या हातातून पाव काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता भांडण.

"मला वाटलं होतं," आई म्हणाली, आणि तिचा आवाज मुख्याध्यापकीणबाईंचा नव्हता, "जितकं जास्त आठवेल तितकं कमी कापतील. म्हणून पढवलं गं. एकेक गोष्ट आठवली की मी मनात म्हणायचे, एवढं तरी वाचलं त्याचं."

तियाना पुढे झाली. तिने आईच्या दंडाला हात लावला, आणि आईने तो हात तिथेच दाबून धरला. या दोघींनी एकमेकींना असा हात लावलेला मी तरी पाहिलेला नाही. पाहिला असेन तर आठवत नाही.

"सोमवारी मी बेलग्रेडला जाते," आई म्हणाली. "तुझ्याबरोबर. त्या बाईंना सांगते, की माझ्या पोराने परीक्षा दिलीच नाही, मी दिली. पुन्हा घ्या म्हणावं. या वेळी प्रश्न तू काढ."

"मी पण येतो," वुकाशिन म्हणाला. "माशाचं मी सांगतो."

"तुम्ही येऊ नका," आई रादिसाव काकांना म्हणाली.

"पण मला सांग ना," मी तियानाला म्हणालो. "खिडकीखाली काय केलं मी?"

"नाही सांगणार."

"अगं, माझंच आहे ते."

"आत्ता सांगितलं की पाठ होईल तुझं. आणि मग पुन्हा यंत्रात उजवं बटण दाबशील."

माझ्याच घरच्या सणाला, माझ्याच आयुष्यातली गोष्ट, आणि ती ऐकायला मीच नालायक. मी पाद्रीबाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "बायको बरोबर बोलतेय," आणि खुर्ची ओढून बसले, म्हणजे गोष्ट ऐकायला ते तयार होते.

"बाहेर जा," आई मला म्हणाली. "मला ऐकू दे. डॉक्टरीणबाईंना सांगायचं तर आधी मला कळायला नको?"

"जिना आहे," मी म्हणालो. "मला बंदी आहे."

"वुकाशिन, त्याला धरून खाली ने. आणि ऐकायला लगेच वर ये."

तर अशा रीतीने संत लुकाच्या दिवशी घरच्या यजमानाला घराबाहेर काढलं. वुकाशिनने मला अंगणात प्लमच्या झाडापाशी उभं केलं, खुर्ची मागे ठेवली, हलू नकोस म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. उशिरा आलेले पाहुणे फाटकातून आत येत होते. "सणाच्या शुभेच्छा, मिलुतिन. खाली का उभा?" मी म्हणालो, "वर माझी गोष्ट चाललीय."

वरच्या खिडकीतून आधी तियानाचा एकटीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग सगळे एकदम हसले, रादिसाव काका सगळ्यांत मोठ्याने. मीही खाली हसलो, सवयीने. मग आवाज थांबला. शेवटी आईचं नाक शिंकरणं ऐकू आलं.

खिडकी उघडली. तियाना उभी होती, नेवेनाला कडेवर घेऊन. शेजारी आई. तिघी खाली माझ्याकडे बघत होत्या, आणि आई तर अशी बघत होती की जणू मी आत्ताच कुठूनतरी घरी आलोय.

"हे केलंस तू?" आई वरून म्हणाली.

"केलं असेन," मी म्हणालो.

नेवेनाने तियानाच्या कानात काहीतरी विचारलं आणि मग मला ओरडून म्हणाली, "बाबा, परत कर."

काय करायचं ते मला सुचेना. मी वर बघत खिडकीखाली उभा राहिलो आणि नुसता हात हलवला. तियानाने नाही म्हणून मान हलवली, त्या दिवशी केलेलं ते हे नव्हतं. पण हात तिनेही हलवला.